पहिल्या हिमशिखरासाठी बूट आणि आइस ॲक्स: आधी पायाचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहा वर्षं सह्याद्रीत हिंडलात, अलंग-मदन-कुलंग झालं, लिंगाणा झाला, गेल्या हिवाळ्यात केदारकंठाही करून आलात. आता जूनमध्ये मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, मग गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स, आणि जमलं तर पुढच्या वर्षी लडाखमध्ये कांग यात्से-२. बूट आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुदळीसारखी कुऱ्हाड) दोन्ही घ्यायचंय, पण पैसे एकाच चांगल्या वस्तूपुरते आहेत. शिवाय मामांचे पंचवीस वर्षांपूर्वीचे प्लास्टिकचे बूट मुलुंडच्या घरी माळ्यावर पडून आहेत, ते चालतील का?

पैसे बुटांवर घाला. ॲक्स या खेपेला भाड्याने घ्या. मामांचे बूट आठवण म्हणून जपा, पण ते घालून बर्फावर जाऊ नका.

माझ्याकडे येणारी मुलं-मुली ॲक्सबद्दल खूप विचारतात आणि बुटांबद्दल फक्त ‘कुठला ब्रँड’ एवढंच. ॲक्स हातात दिसते, फोटोत येते, तिच्याभोवती एक वलय आहे. पण पाय घसरल्यावर जो एक प्रयत्न करता येतो, त्यासाठी ॲक्स. पाय घसरूच नये याची तजवीज बूट करतात, आणि ती चढाईच्या दर पावलाला करतात. फ्रेंडशिपच्या शिखरदिवशी तुम्ही काही हजार पावलं टाकाल. ॲक्सने स्वतःला थांबवायची वेळ बहुतेक येणारच नाही, आणि येऊही नये.

आधी सह्याद्रीची सवय बाजूला ठेवावी लागेल. आपल्या कातळावर आपल्याला वाकणारा, चिकटणारा सोल हवा असतो. घसाऱ्यावर, रॉक पॅचवर, पावसाळ्यातल्या शेवाळावर चवड्याला खालचा दगड जाणवला पाहिजे. म्हणून ‘ॲक्शन’ कंपनीचे साधे शूज घालून लोकांनी निम्मा सह्याद्री पालथा घातला, आणि ते योग्यच होतं. बर्फावर गणित उलटं होतं. तिथे बुटाने बर्फात लाथ मारून पायरी करायची असते, किंवा सोलची कड कडक उतारात रुतवून त्या दोन बोटं रुंदीच्या कडेवर सगळं वजन तोलायचं असतं. सोल वाकला तर कड सुटते. शिवाय बूट जे काम करत नाही ते पोटरीला करावं लागतं. तासाभरात पोटऱ्या थरथरायला लागल्या की समजा, बूट मऊ आहेत.

दुकानात हे तपासायला सोपं आहे. एका हातात टाच, दुसऱ्या हातात पुढचं टोक धरा आणि फडकं पिळल्यासारखा बूट पिळून बघा. पिळला गेला तर तो ट्रेकिंगचा. मग बूट घालून एखाद्या पायरीच्या कडेवर फक्त पुढचे दोन-तीन सेंटिमीटर टेकवून उभे राहा. बूट ताठ राहिला आणि पाय न थरथरता मिनिटभर उभे राहता आलं, तर तो आपल्या कामाचा.

या ताठपणाची एक प्रतवारी जगभर वापरली जाते: बी-० ते बी-३. बी-० म्हणजे तुमचे आताचे ट्रेकिंगचे बूट, त्यांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या दात्यांचे बुटाखाली बांधायचे सांगाडे, लावायचे नाहीत. बी-१ थोडे ताठ, सौम्य उतारावर पट्ट्यांचे क्रॅम्पॉन चालतात. बी-२ बऱ्यापैकी ताठ, आणि टाचेमागे क्रॅम्पॉनची खिट्टी अडकायला खाच असते. बी-३ पूर्ण ताठ, पुढे-मागे दोन्हीकडे खाच, उभ्या बर्फासाठी आणि मोठ्या उंचीसाठी. क्रॅम्पॉनचीही अशीच प्रत आहे. सी-१ सगळीकडून पट्ट्यांनी बांधायचे, सी-२ पुढे प्लास्टिकची पकड आणि मागे खिट्टी, सी-३ पुढे तारेची कडी आणि मागे खिट्टी. नियम एकच: क्रॅम्पॉनचा आकडा बुटाच्या आकड्यापेक्षा मोठा नको. मऊ बुटाला ताठ क्रॅम्पॉन लावला तर चालताना बूट वाकत राहतो, क्रॅम्पॉन वाकत नाही. मग एकतर तो निसटतो, नाहीतर त्याची मधली धातूची पट्टी वाकून वाकून मोडते. दोन्ही गोष्टी नेमक्या उतारावर होतात.

तुमच्यासाठी बी-२. याबद्दल मला शंका नाही. फ्रेंडशिप ५२८९ मीटरचं आहे, सोलंगच्या वरच्या बाजूला, आणि जूनमध्ये तिथला बर्फ रात्री घट्ट आणि सकाळी नऊ-दहानंतर भुसभुशीत असतो. बी-२ आणि सी-२ क्रॅम्पॉन ही जोडी तिथे पुरते, पुढे मनालीच्या परिसरातल्या अशाच बऱ्याच शिखरांना पुरते, आणि खालच्या वाटेवर चालायलाही त्रास देत नाही. बी-३ घेऊन ठेवू म्हणजे पुढे कामाला येतील, असं अनेकांना वाटतं. पण लांब पायपिटीत तो ताठपणा टाचांची सालटी काढतो, आणि सोललेली टाच घेऊन बेस कॅम्पला पोचलेला माणूस शिखरदिवशी निम्माच असतो.

सोलखाली पिवळा अष्टकोनी व्हायब्रमचा शिक्का तुम्ही पाहिला असेल. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये पुन्ता रासिका शिखरावर विताले ब्रमानी यांचे सहा सोबती मृत्युमुखी पडले. अपुरी, थंडीला न टिकणारी पादत्राणं हे त्यामागचं एक कारण होतं. त्यानंतर दोनच वर्षांत ब्रमानींनी खोल खाचांचा हा व्हायब्रम रबरी सोल बाजारात आणला, आणि खिळे ठोकलेल्या बुटांचा जमाना मागे पडत गेला. हे सांगायचं कारण असं की तो सोल खडकावर आणि मऊ बर्फावर उत्तम आहे, पण निळसर काचेसारख्या बर्फावर कुठलंही रबर धरत नाही. तिथे क्रॅम्पॉनच. क्रॅम्पॉन चढवायची वेळ आपण नेहमी थोडी पुढे ढकलतो. सपाटीवर उभे आहात तेव्हाच ते चढवा.

आता कांग यात्से-२. उंची ६२५० मीटर, मध्यरात्री निघायचं, वारा आणि कोरडी थंडी. तिथे सिंगल बूट नको. डबल बूट म्हणजे बाहेर कवच, आत वेगळा निघणारा लायनर. फायदा नुसत्या उबेचा नाही. रात्री लायनर काढून स्लीपिंग बॅगमध्ये घेता येतो, त्यामुळे पहाटे पाय कोरड्या, उबदार लायनरमध्ये जातो. सिंगल बूट घामाने ओला होतो आणि तंबूत रात्रभर गोठतो. १९५० मध्ये अन्नपूर्णेच्या शिखरावर पोचलेल्या मॉरिस हर्झोग आणि लुई लाशनाल या दोघांनीही हिमदंशात पायांची बोटं गमावली, आणि त्यांच्या पायात चामड्याचे बूट होते. लाशनालला चढतानाच पायांची काळजी वाटत होती. पायांची संवेदना गेली की थांबायचं, बूट काढून बोटं चोळत न बसता जोडीदाराच्या पोटाशी ऊब द्यायची, आणि खाली उतरायचं.

पण डबल बूट आत्ता विकत घेऊ नका. वर्षातून एकदा वापरायची महागडी वस्तू मुंबईच्या हवेत दहा महिने पडून राहणार. लेहमध्ये ते भाड्याने मिळतात. कोर्सला संस्थाच बूट देते. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था असो की दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, बूट, क्रॅम्पॉन, ॲक्स सगळं तिथलंच असतं. कोर्सच्या पहिल्या दिवशी बूटवाटप होतं, तेव्हा घाई करू नका. तुमच्या नंबरचा बूट टोचत असेल तर लगेच बदलून मागा. दुसऱ्या दिवशी मागे ठेवलेल्या जोड्याही गेलेल्या असतात.

भाड्याचा बूट घेताना तीन गोष्टी बघा. कवचावर घोट्यापाशी आणि चवड्याच्या वळणावर केसासारखी चीर आहे का. सोल कडेने नखाने ओढल्यावर सुटतोय का. लायनरचं फोम टाचेपाशी चपटं झालंय का. पैकी एकही दिसलं तर दुसरी जोडी.

इथेच मामांच्या बुटांचं येतं. प्लास्टिकचं कवच वयानुसार ठिसूळ होतं. बाहेरून चकचकीत दिसतं आणि थंडीत एका लाथेसरशी तडकतं. चामड्याच्या बुटांचं दुखणं वेगळं, पण तितकंच वाईट. बऱ्याच बुटांत चामडं आणि रबर यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने हा थर हळूहळू आतून सडतो, उष्णता आणि दमटपणा असेल तिथे अधिक वेगाने. म्हणजे मुंबईचा माळा हे बूट मरण्याचं अगदी पक्कं ठिकाण. बूट वापरले नाहीत म्हणून नवे राहतात, हा समज इथे खोटा ठरतो. उलट बंद खोक्यात, न वापरता ठेवलेले बूट लवकर जातात.

मी हे भोगलंय. सात वर्षं जुने, पण मोजून चार मोहिमा झालेले चामड्याचे बूट घेऊन गढवालमध्ये गेलो होतो. घरी पुसून, मेण लावून, डोळे भरून पाहून नेले होते. दुसऱ्या कॅम्पहून उतरताना उजव्या बुटाचा सोल टाचेकडून उघडला, आत ओल्या बिस्किटासारखा भुगा. क्रॅम्पॉनच्या पट्ट्यांनी आणि दोरीच्या तुकड्याने तो बांधून मी दीड दिवस उतरलो. मोरेनमधून, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडधोंड्यांतून, प्रत्येक पाऊल चाचपत टाकावं लागलं, माझ्यामुळे सगळ्यांचा वेग मंदावला, आणि एका सोबत्याने माझी सॅक स्वतःच्या सॅकवर घेतली. तेव्हापासून निघण्याच्या महिनाभर आधी मी प्रत्येक बुटाच्या मधल्या थरात नख रुतवून बघतो. खूण राहिली, किंवा कडेला बारीक भेगांचं जाळं दिसलं, तर तो बूट बाद. आणि बूट माळ्यावर ठेवत नाही. कपाटात, खोक्याबाहेर, आत वर्तमानपत्र कोंबून ठेवतो. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी बाहेर काढून घरातल्या घरात घालून फिरतो.

मापाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बूट संध्याकाळी घ्यायला जा. ऑफिस करून, लोकलमध्ये उभं राहून पाय जितके फुगतात, साधारण तितके उंचीवर फुगतात. ज्या मोज्यांत चढणार तेच मोजे घेऊन जा: आत एक पातळ, वर एक जाड लोकरी. दोन जाड मोजे नकोत. पाय आवळले जातात, रक्त फिरत नाही, आणि मग तो बूट कितीही महागडा असला तरी पाय गारच पडतात. गार पायांचं कारण बहुतेक वेळा पातळ बूट नसून घट्ट बूट असतो.

आधी बुटातला इनसोल काढून त्यावर उभे राहा. पाय कडेने बाहेर ओघळत असेल तर तो बूट तुमच्या पायाचा नाही, नंबर मोठा करून काही होणार नाही. आपल्याकडे लहानपणापासून चपला घालून चवडे पसरट झालेले असतात, आणि युरोपातले काही बूट अरुंद साच्यावर बनतात. म्हणून ‘अमुकला अमुक बूट फार आवडले’ ही शिफारस निरर्थक आहे. साचा जुळला पाहिजे. स्कार्पा, ला स्पोर्टिव्हा, असोलो या सगळ्यांचे बी-२ बूट चांगले आहेत. त्यातला एकच निवडून मी सांगत नाही, कारण तुमचा पाय मी पाहिलेला नाही.

मग नाड्या सैल ठेवून पाय पुढे सरकवा, बोटं टेकेपर्यंत. टाचेमागे एक बोट जेमतेम गेलं पाहिजे. आता टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, नाड्या बांधा, आणि घोट्याच्या वळणाशी नाडीला दोन वेढे द्या म्हणजे टाच जागेवर राहते. उतारावर उभे राहा, किंवा भिंतीला पुढच्या टोकाने जोरात लाथ मारा. अंगठा पुढे लागला तर बूट लहान. आपल्या मोहिमांत अंगठ्याचं नख काळं पडतं ते बहुधा उतरताना, चढताना नव्हे. पायऱ्या चढून बघा. टाच किंचित उचलली गेली तर चालेल, ताठ बुटात ती थोडी उचलणारच, पण घासणं जाणवलं तर नको. निदान अर्धा तास दुकानात बूट घालून फिरा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

घेतल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत लोणावळ्याहून राजमाचीच्या लांब कच्च्या रस्त्यावर दोनदा जाऊन या, पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन. डांबरी रस्त्यावर आणि ओल्या कातळावर हे बूट घालू नका. पहिल्याने सोल झिजतो, दुसऱ्याने तुम्ही पडाल. एप्रिलच्या उन्हात नवं चामडं पायावर बसवायची वेळ आणू नका.

क्रॅम्पॉन भाड्याचे घेतलेत तरी ते तुमच्या बुटावर घरी किंवा मनालीतच बसवून पाहा. पट्टी न लावता नुसता क्रॅम्पॉन बसवून बूट उलटा धरून हलवा. तो पडला नाही तर माप जुळलं. खाली बर्फाचे गोळे न चिकटू देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत का तेही बघा. दुपारच्या ओल्या बर्फात त्या नसतील तर दहा पावलांत टाचेखाली लाडूएवढा गोळा जमतो आणि दाते बर्फाला लागतच नाहीत.

आता ॲक्स. तिच्याबद्दल कमी लिहितोय, कारण निवडायचं थोडंच आहे. शिकायचं मात्र पुष्कळ आहे.

लांबी: हात सरळ खाली सोडून ॲक्सचं डोकं धरा. टोक घोट्याच्या वर, पोटरीच्या खालच्या भागात आलं पाहिजे. तुमची उंची पाच फूट सात इंच सांगितलीत, म्हणजे ५५ ते ६० सेंटिमीटर. दुकानदार ७० दाखवेल, काठीसारखी टेकता येते म्हणून. सपाटीवर टेकायला ट्रेकिंग पोल घ्या. ॲक्सचं काम तिरप्या उतारावर असतं, आणि तिथे वरच्या बाजूच्या हातातली लांब ॲक्स टेकायला खांद्यापर्यंत हात उचलावा लागतो. थांबवायच्या वेळी तर लांब दांड्याचं टोक मांडीपाशी किंवा बर्फात अडकतं.

दांड्यावर ‘बी’ किंवा ‘टी’ असं अक्षर (नव्या ॲक्सवर त्याऐवजी १ किंवा २ हा आकडा) कोरलेलं असतं. बी म्हणजे साधी, टी म्हणजे तांत्रिक. हे बुटाचं बी नव्हे, गोंधळ करू नका. बी-प्रतीचा दांडा २५० किलोच्या आसपासचा भार घेण्याच्या कसोटीला उतरलेला असतो, टी-प्रतीचा ३५० च्या. तुम्हाला बी पुरते. मात्र डोकं पोलादी हवं. ॲल्युमिनियमचं डोकं हलकं असतं, पण कडक बर्फाला धडक देऊ शकत नाही. मागे फावड्यासारखं पातं हवं, हातोडी नको. तंबूची जागा सपाट करायला, पायऱ्या कोरायला तेच लागतं. दांडा सरळ किंवा अगदी किंचित वाकलेला, म्हणजे तो बर्फात सरळ घुसतो. हातमोजा घालून डोकं तळहातात धरा आणि दाबा. कड रुतत असेल तर दिवसभरात हात सोलवटेल.

दांडा सरळ घुसण्याला मी इतकं महत्त्व का देतो ते १९५३ च्या के-२ वरच्या अमेरिकन मोहिमेतून समजेल. आजारी सोबत्याला खाली आणताना एकजण घसरला, दोर एकमेकांत गुंतले आणि पाचजण खेचले गेले. पीट शोनिंगने आपल्या लाकडी ॲक्सचा दांडा बर्फात गोठलेल्या खडकामागे रोवून दोर अडकवला होता. सगळ्यांचा भार त्या एका दांड्याने पेलला. पिक, म्हणजे डोक्याची टोकदार चोच, बर्फात मारून कुणालाही थांबवलेलं नव्हतं. आधीच रोवलेला दांडा होता म्हणून ते वाचले. तुमच्या शिखरावरही हेच लागू: दर पावलाआधी वरच्या हाताने दांडा रोवायचा, मग पाय हलवायचे. पाय सुटला तरी हात धरलेला असतो.

सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरताना ॲक्सने स्वतःला थांबवणं, तरीही आलंच पाहिजे. पातं खांद्याच्या खोबणीत, दुसरा हात दांड्याच्या टोकावर, छाती ॲक्सवर, आणि क्रॅम्पॉन असतील तर पाय गुडघ्यातून वर उचललेले, नाहीतर दाते अडकून तुम्ही उलटे फेकले जाता. पहिल्या क्षणात जमलं तर जमलं. काचेसारख्या बर्फावर वेग आल्यावर ते जमत नाही. डोकं खाली असताना, पाठीवर पडलेले असताना, सॅकसकट असं पन्नासदा घोटून घ्या. फ्रेंडशिपला जाताना वाटेत एक पूर्ण दिवस केवळ सरावासाठी ठेवणाऱ्यांबरोबरच जा. ठेवत नसतील तर पैसे भरायच्या आधी तसं विचारून दुसरे शोधा.

कोर्सनंतर स्वतःची ॲक्स घ्याल तेव्हा एवढं करा: परतल्यावर पुसून पोलादाला तेलाचा हात द्या, नाहीतर आपली खारी हवा महिन्याभरात गंज चढवते. धार हातकानशीने लावा. विजेवरच्या सहाणेवर पोलाद तापतं आणि त्याचा कस जातो.

जाताना ॲक्स आणि क्रॅम्पॉन टोकांना टोप्या घालून चेक-इनच्या सामानात, केबिनमध्ये ते नेता येत नाहीत. बूट मात्र पायात घालूनच घराबाहेर पडा, मुंबईच्या जूनमध्ये घाम आला तरी. चंदीगडला सामान एक दिवस उशिरा आलं तर जॅकेट, ॲक्स, क्रॅम्पॉन सगळं मनालीत भाड्याने मिळेल. तुमच्या पायावर बसलेले बूट मिळणार नाहीत.